खडपाची राखण

आमच्या गावात पाहुणा आला आणि समुद्राकडे बोट दाखवून त्याने "तिथे पाणी असं काळं का दिसतं?" असं विचारलं, की सगळे माझ्याकडे बघायचे. पाणी काळं दिसायचं ते त्याच्याखाली खडप होता म्हणून. आणि माझ्याकडे बघायचं कारण असं, की त्या खडपावर माझा भाऊ बसलेला होता. निदान गावाचं तसं म्हणणं होतं. मी लहानपणापासून तोंडाळ. मी पाहुण्याला सांगायची, "आमचा दादा बसलाय तिथे. काही निरोप द्यायचाय का?" आई लगेच आतून मला हाक मारायची.

खडप म्हणजे पाण्यातला खडक. पण हा नुसता काळा कातळ नव्हता, पोवळ्याचा होता. पोवळं म्हटलं की लोकांना अंगठीतला लाल खडा आठवतो. आमचं पोवळं दिसायला तसं काही नव्हे. तपकिरी, शेवाळी, घावनासारखी बारीक जाळी पडलेलं. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे पाणी खूप ओसरलं की, त्याची पाठ बाहेर यायची. तेवढ्या वेळात बाबा कधीकधी मला होडीतून तिथे न्यायचे. डबक्याडबक्यांत निळी-पिवळी माशांची पिल्लं असायची आणि कपारीतून हातभर कोळंबीसारख्या शेवंडांच्या लांब मिशा हलायच्या. बाबा म्हणायचे, "ह्यो दगड नाय गो, जिवंत हाय. वाढतो." आणि त्याच हातांनी ते तो दगड फोडून चुन्याच्या भट्टीला पोचवायचे. मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, जिवंत आहे तर फोडता कशाला? "जिवंत हाय म्हणून तर चुना पांढरा होतो," म्हणाले. पोटाचा प्रश्न आला की माणसाला असली उत्तरं सुचतात.

बाबा तांडेल, होडी त्यांची. पहिली लढाई संपली होती, शहरात घरं उठत होती आणि भट्टीवाल्याला खडपाचा दगड पुरत नव्हता. सुकतीला बाबा आणि दादा होडी घेऊन जात, दादा पहारीने दगड उपटी, दोघे मिळून होडीत भरत आणि पाणी चढायच्या आत परत येत. दादाला मिसरूड फुटत होती. मला तो 'भोंगा' म्हणायचा, कारण मी रडायला लागले की जयगडपर्यंत ऐकू जातं म्हणे.

त्या दिवशी होडी लवकर भरली. इतकी भरली की दादाला बसायला जागा उरली नाही. बाबा त्याला म्हणाले, "तू इथंच ऱ्हा. इथून हलू नको. मी होडी रिती करून आलोच." हे आम्हाला बाबांनीच सांगितलं, पुढे अनेकदा सांगितलं, कोणी विचारलं नाही तरी सांगितलं. किनाऱ्याकडे येताना सुकतीचं पाणी आणखी ओसरलं आणि जड होडी किनाऱ्याजवळच्या वाळूच्या दांड्यावर रुतली. बाबांनी दगड पाण्यात फेकले, खांदा लावला, हाका मारल्या. होडी हलली ती भरती सुरू झाल्यावर, आणि ज्या पाण्याने होडी उचलली त्याच पाण्याने तिकडे खडप बुडवला. बाबा पोचले तेव्हा पहार तेवढी उभी होती. कपारीत खोल रोवलेली आणि टोकाला दादाचं मुंडासं बांधलेलं. त्याने ते हलवून किती वेळ खूण केली असेल, देव जाणे.

प्रेत मिळालं नाही. दादाला माशासारखं पोहता येत होतं, म्हणूनच आईला ते पटेना. कोणत्या तरी गलबताने त्याला उचललं असेल, तो वेरावळला असेल, मस्कतला असेल, एक दिवस आगबोटीने बंदरात उतरेल, असं ती धरून बसली. गावाने उगाच वाद घातला नाही. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीतच आहे. बारा वर्षं आईच्या हातात होती.

आई वाट बघत होती, तो जिवंत आहे म्हणत होती, पण त्या दिवसापासून तिने खडपावरची मासळी तोंडात घातली नाही. खाडीतली खायची, खोल समुद्रातली खायची. तांबोशी आली की विचारायची, "खंयची?" खडपावरची असली की आम्हाला वाढायची आणि स्वतः आमसुलाच्या साराशी भात जेवायची. यातला अर्थ मला त्या वयातही कळत होता. मी बाकी सगळं विचारायची, हे कधी विचारलं नाही.

पहार तिथेच राहिली. ती काढायला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. भरती चढू लागली की लाटेबरोबर आलेला एखादा गोटा तिच्यावर आपटायचा आणि वारा समुद्रावरून असला की आवाज आमच्या पडवीपर्यंत यायचा. टण्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टण्. तो गोट्याचा आवाज आहे हे बाबांना ठाऊक होतं, त्यांनी मला ते समजावून सांगितलं होतं, आणि तरी आवाज आला की त्यांच्या हातातली जाळ्याची सुई थांबायची. आई भाकरी थापत असली तर तिचा हात तव्यावर तसाच राहायचा. आमच्या घरात कित्येक भाकऱ्या त्या आवाजापायी करपल्या. गाव म्हणायचं, पोर अजून दगड फोडतंय. कोणी म्हणायचं, फोडत नाही, फोडणाऱ्याला हाकलतंय. हळूहळू दुसरं म्हणणं पक्कं झालं. भट्टीला गडी मिळेनात. भट्टीवाल्याने गाशा गुंडाळला.

आणि मग खडप भरून आला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. जिथे पहारीचे घाव पांढरे दिसायचे तिथे पुन्हा तपकिरी जाळी धरली. गेलेली शेवंडं परत आली. तांबोशी, हेकरू, नाव घ्याल ते. मिठाचा सत्याग्रह झाला त्या सुमाराला आमच्या वाडीतल्या होड्या समुद्र खवळलेला असला तरी रिकाम्या परतत नसत, कारण आडोशाला खडप होता. लोक दादाला हात जोडून गळ टाकायचे. माझं लग्न होऊन मी मांडवीला गेले होते. यजमान आगबोटीवर खलाशी, त्यामुळे वर्षातले बरेच महिने मी माहेरीच. मी होडीवाल्यांना चिडवायची, "माझ्या भावाच्या घरचं खाताय, एक तांबोशी बहिणीला नको का?" द्यायचेही. मी खायचीही. आईसारखं मला कधी झालं नाही. तेव्हा तरी नाही.

तेवढ्यात शहरातून दुसरा चुनेवाला आला. बोलायला गोड, पायात बूट. वाडीतले दोन-चार तरणे गडी त्याच्याशी कुजबुजताना दिसू लागले. त्यांना दादा आठवत नव्हता. त्यांच्यासाठी तो नुसता आवाज होता, आणि आवाजाची भीती किती दिवस पुरणार? एके काळी त्यांनी स्वतःच तो खडप फोडला होता, म्हणूनच फोडल्यावर काय होतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी गावकाराला, म्हणजे गावच्या वडीलधाऱ्या मानकऱ्याला सांगून देवीच्या देवळापुढे बैठक बोलावली.

ती बैठक मी खांबाआड बायकांत बसून ऐकली. बाबांनी सगळं मनाशी आखून आणलं होतं. खडपाला कुंपण घालता येत नाही, म्हणून हद्द किनाऱ्यावरच्या खुणांनी ठरवायची: देवळाचा कळस आणि त्यामागचा वड एका रेषेत आले की इकडची हद्द, टेकडीचा सुळका आणि वाकडा माड जुळले की तिकडची. हद्दीत पहार न्यायची नाही. जाळं ओढायचं नाही, फक्त गळ. नांगर खडपावर टाकायचा नाही, कारण नांगर ओढला की वितीवितीने वाढलेलं पोवळं एका झटक्यात उपटतं. होडी बाहेर वाळूवर नांगरायची. अंडी असलेलं शेवंड हाताला लागलं तर परत सोडायचं. आणि नारळी पुनवेला समुद्र उघडला तरी दसऱ्यापर्यंत खडपाला हात लावायचा नाही, पिल्लांना वाढू द्यायचं.

यावर दुपार उलटेपर्यंत भांडण झालं. एक म्हणाला, माझ्या सासूला शेवंडं लागतात, तिच्यापुरती सूट द्या. सासूला अंडीवाली चालतात की बिनअंड्याची, यावरही चर्चा झाली. दुसऱ्याला वाकडा माड मान्य नव्हता, कारण तो त्याच्या भावकीचा होता. मी आईच्या कानात म्हटलं, "ह्यांचं ठरेपर्यंत खडपाचा चुना होईल." आई हसली नाही.

शेवटी सगळं मान्य झालं आणि एकाने खरा प्रश्न विचारला. "हे ठरलं. पण बघणार कोण? समुद्रावर पहारा कोण करणार?"

म्हातारा गावकार इतका वेळ चंची उघडून बसला होता. तो म्हणाला, "राखण म्हटली की राखणदार लागतो. आणि तो हाय की तिथं." मग बाबांकडे वळला. "फकस्त एक. तुझ्या पोराचं बारावं वरीस भरत आलंय. तू त्येची क्रिया करू नको. क्रिया केलीस की तो सुटला. तो सुटला की खडप उघडा पडला."

बाबा खाली बघत होते. मी आईकडे पाहिलं. तिने ओठ असे मिटले होते की रेघ दिसावी.

गावाला हे माहीत नव्हतं, मला होतं. आईने त्या पावसाळ्यातच हात टेकले होते. एक दिवस भाकरी उलथता उलथता ती मला म्हणाली, "तो येत नाय गो आता." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना सांगितलं, की बारा वर्षं भरली की पुतळा करायचा, त्याला पाण्यातून वर काढायचा. तेव्हापासून ती दिवस मोजत होती. ज्या बाईला बारा वर्षं मुलगा मेला हे मान्य नव्हतं, तिने ते एकदाचं मान्य केलं, आणि गाव तिला सांगत होतं, की मेला ते ठीक, पण त्याला तिथेच राहू दे.

देवीला कौल लावला. ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "खडप राखायचा गावानं मनात आणलंय, तुझी आज्ञा असली तर उजवा दे," आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवा कळा पडला. लोकांनी हात जोडले आणि घरोघर गेले.

घरी आल्यावर आईने बाबांना पाणी दिलं आणि विचारलं, "देवीला तुमी काय विचारलंत?"

"खडप राखायचा काय, म्हणून."

"ती व्हय म्हणाली. कोणी राखायचा, ते विचारलंत?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"मंग राखण देवीनं दिली. राखणदार तुमी ठरवलात. गावाच्या मासळीपायी माझं पोर मधल्यामधी लटकत ठेवणार तुमी?"

"गावाचं पोट हाय गो त्येच्यावर," बाबा म्हणाले. "आपलं पण हाय."

"माझं नाय," आई म्हणाली. आणि ते खरं होतं; तिने बारा वर्षं त्या खडपाचा घास घेतला नव्हता.

मला दोघांचाही राग आला. बाबांचा, कारण ते बरोबर होते. आईचा, कारण तीही बरोबर होती. मी परड्यात जाऊन केळीच्या वाळक्या पानांवर कोयता चालवला, तेवढाच उपाय होता.

राखण घालायचा दिवस ठरला, मोठ्या सुकतीचा. गावच्या होड्या ओळीने निघाल्या. राखणदाराच्या घरची माणसं म्हणून आई आणि मला मानाने पुढच्या होडीत बसवलं होतं. कसला मान! खडपाची पाठ बाहेर आली होती. पहार उभी होती, तिच्यावर शंख-शिंपले चढून ती मनगटाएवढी जाड झालेली. तळाशी पोवळ्याने तिला धरून ठेवलं होतं, मुळं धरावीत तसं. इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा ते बघत होती. तिने पदराने तोंड झाकलं नाही. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

गावकाराने गाऱ्हाणं घातलं. मग राखणदाराला जागा नेमून द्यायची असते, आणि ती त्याच्या घरच्या कर्त्याने द्यायची. बाबा नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. बोलायचं फार काही नव्हतं. त्यांनी हाक मारली दादाला, त्याच्या नावाने, आणि पुढे गप्प झाले. मागून गावकार म्हणाला, "म्हण रे. 'इथंच ऱ्हा, इथून हलू नको,' म्हण."

बाबांची पाठ आमच्याकडे होती. ती पाठ मी अजून विसरलेले नाही. सगळ्या गावात ते शब्द कुठून आले हे आम्हा तिघांनाच आठवलं असेल, किंवा सगळ्यांना आठवलं असेल आणि कोणाला काही वाटलं नसेल. पाणी चढायला लागलं होतं. पहारीवर पहिला गोटा आपटला. टण्.

बाबांनी ते शब्द म्हटले. दुसऱ्यांदा म्हटले. नारळ फोडला आणि होडीत येऊन वल्हं हातात घेतलं. किनारा येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, तेही आईकडे न बघता: "जयगडला कंदी जायाचं?"

जयगडच्या खाडीकाठी माझी मावशी दिली होती. मावशी आजारी आहे असं आम्ही गावात सांगितलं. मावशी ठणठणीत होती आणि आजाराची बातमी कळल्यावर चिडलीसुद्धा. बायकांनी असल्या कार्याला जायचं नसतं, पण दुसरं वल्हं मारायला कोणी नको का? मी बसले. तिकडच्या भटजींनी पळसाची पानं दर्भाने बांधून पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ. बाबा बघत होते आणि मध्येच म्हणाले, "वायच उंच करा. तो उंच होता." भटजींनी आणखी पानं लावली. "इतकी वर्षं थांबलात?" त्यांनी सहज विचारलं. "वाट बघत होतो," बाबा म्हणाले.

पानांना पेटायला वेळ लागत नाही. आई खाडीच्या वाळूत उभी होती. आग विझत आली तशी ती ओरडून म्हणाली, "नीघ रे बाबा! कोणाचं ऐकू नको, नीघ!" माझा भोंगा म्हणे मोठा, आईचा आवाज त्या दिवशी पलीकडच्या तीरावर जाऊन परत आला. दहाव्याला पिंड ठेवला तर हात मागे घ्यायच्या आत कावळ्याने चोच मारली. आईला त्याचं सुख झालं आणि थोडं लागलंही. "काय म्हणून मागितलं नाय त्येनं," ती म्हणाली. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि ते तसेच बसून राहिले.

गावी परतल्यावर होडीवाल्याने नेहमीसारखी एक तांबोशी आणून दिली. आईने ती तळली, आम्हाला वाढली, आणि आपल्या ताटात एक तुकडा घेतला. बाबा आणि मी जेवायचे थांबलो. तिने काटे काढले, भाताबरोबर घास घेतला, सावकाश चावला. "गोड हाय," म्हणाली.

पुढची वर्षं गाव रिकाम्या खडपाला नारळ देत राहिलं. हद्दीच्या खुणा पाळल्या गेल्या, नांगर वाळूवर पडू लागले, चुनेवाला बूट वाजवत परत गेला. बाबा दर वर्षी पाण्यात उतरून पुढचे शब्द पुटपुटायचे, ते काय पुटपुटतात हे मी विचारलं तर म्हणाले, "रामरक्षा." मग एका पावसाळ्यात बाबा गेले, आणि त्याच पावसाळ्याच्या वादळात पहारही गेली. आवाज थांबला. तुम्हाला खोटं वाटेल, पण तो आवाज होता तेव्हा घरात जेवढी भीती वाटायची त्याहून ती शांतता वाईट होती. भरती यायची, वारा यायचा, आईचा हात सवयीने तव्यावर थांबायचा, आणि काहीच यायचं नाही.

गावाच्या लक्षात आलंच. राखणदार गेला की काय, असं लोक बोलू लागले. कोणीतरी नांगर टाकून पाहिला. कोणीतरी जाळं ओढलं. मग आई उठली. सुकती असली की ती काठी घेऊन किनाऱ्यावर उभी राहायची आणि होडी हद्दीत शिरली की ओरडायची, "ए मेल्या! नांगर उचल!" आपल्या पोराच्या जागेला म्हातारी जपते, असं म्हणून लोक मान खाली घालून नांगर उचलायचे. मी म्हटलं, "आये, घसा फुटेल तुझा." ती म्हणाली, "गावाचा राखणदार आपण काढून नेला गो. गावाला ठाव नाय. जागा रिकामी ठेवून चालायचं नाय."

नंतर अंथरुणाला खिळल्यावर तिने मला जवळ बसवून सांगितलं. तिच्या अस्थी खडपावर सोडायच्या. आणि दहाव्याला कावळा शिवला नाही तर शिववायचा नाही. "माझं पोर सुटलं. मला कुटं घाई हाय? मी बसते." मी भांडले तिच्याशी. असलं काही नको, तूही सुटायला हवीस, खडप गेला खड्ड्यात. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुला शब्द म्हायती असेल. तू बोलू नको."

दहाव्याला चुलतभावाने पिंड ठेवला. कावळे आले, भोवती बसले, एकही पुढे येईना. लोकांनी कबूल करायला सुरुवात केली, तुमच्या लेकीला अंतर देणार नाही, घर सांभाळू, कुळाचार चालवू. कावळे मान वाकडी करून बघत राहिले. ऊन चढलं. सगळे मला म्हणू लागले, "तू बोल गो, तुझ्यासाठी अडलंय." मला शब्द माहीत होता. 'आये, खडप आम्ही राखू, तू नीघ.' एवढं म्हटलं असतं तर तिचं सगळं फिटलं असतं. सगळा गाव मला तोंडाळ म्हणून ओळखतो, आणि त्या दुपारी मी तोंड मिटून बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं जेवायला गेली.

गाव अजून गाऱ्हाण्यात दादाचंच नाव घेतं. मी ते काही सुधारत नाही. मध्यंतरी मांडवीच्या घरी वाडीतला एक तरणा होडीवाला आला होता. चहा घेताना म्हणाला, "मावशी, तुमचा भाऊस बसतो ना खडपावर? आमी चुकून नांगर टाकला त्या दिवशी. कोण तरी ओरडलं. पण मावशी, पुरुषाचा आवाज नव्हता तो. बाईमाणसाचा होता." मी त्याला म्हटलं, वाऱ्याचा असेल. त्याने जाताना माझ्यासाठी आणलेली तांबोशी ठेवली, खडपावरचीच.

सुनेने ती छान तळली. मी आमसुलाचं सार वाढून घेतलं. सून म्हणाली, आई, तुम्हाला तर आवडायची ना? मी म्हटलं, आता काटे लागतात. आईचं हे साराशी जेवणं बारा वर्षांनी तरी सुटलं, कारण शेवटी आम्ही जयगडला गेलो. माझं सुटायचं नाही. या वेळी जयगडला जायचं नाही, असं तिनेच सांगून ठेवलंय.